स्कूटरऐवजी रायफल

आमचा स्कूटरचा नंबर लागला त्याच आठवड्यात आम्ही रायफल घेतली.

मुलुंडच्या आमच्या चाळीत हे सांगताना मी आधी ऐकणाऱ्याला बसायला सांगायची. सहा वर्षांपूर्वी, लग्नाच्याही आधी, ह्यांनी स्कूटरसाठी नाव नोंदवलं होतं. कागद आला तेव्हा शेजारच्या कमलताईंनी पेढ्यांची आठवणसुद्धा करून दिली. आणि त्याच संध्याकाळी माझी एनसीसीतली मैत्रीण शुभा येऊन म्हणाली, "वसुधा, मी कॅनडाला चाललेय. माझी मॅच रायफल तू विकत घेतेस का? दुसऱ्या कोणाला द्यायला जीव होत नाही."

छर्ऱ्याची रायफल, जर्मन बनावटीची. लायसन्स लागत नाही, पण नेमबाजीच्या स्पर्धेत हीच चालते. कॉलेजात असताना शुभाची रायफल उसनी घेऊन मी दोन बक्षिसं मिळवली होती. मग लग्न, मग चंदू. चंदूचं खरं नाव चंद्रप्रकाश. आठ महिन्यांच्या बाळाला हे नाव त्याच्या आजोबांच्या कोटासारखं होतं, म्हणून सध्या आम्ही ते घडी करून ठेवलं होतं.

मी ह्यांना काही मागितलं नाही. नुसती रायफल हातात घेतली, खांद्याला लावली आणि परत पेटीत ठेवली. ह्यांनी ते पाहिलं. सहदेव परब भांडुपच्या कारखान्यात टर्नर आहेत. लोखंडाशी माणूस कसा वागतो ते त्यांना कळतं. सकाळी म्हणाले, "स्कूटर चुलतभावाला देऊ, त्या पैशांत रायफल घे. मला कुठे जायचंय? भांडुप तर इथे, एक स्टेशन."

सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, "बंदूक घेतल्यानी! वाघ खय हा मुलुंडात?"

रायफल कपाटात कुलपात असे आणि किल्ली माझ्या मंगळसूत्राला. दुपारी अडीचला चंदू दूध पिऊन झोपला की मला पाऊण तास मिळायचा. आमची गॅलरी टोकापासून टोकापर्यंत बरोबर दहा मीटर, म्हणजे स्पर्धेतल्या अंतराएवढीच भरते, हे ह्यांनी कारखान्यातली टेप आणून मोजलं होतं. पलीकडच्या भिंतीवर मी कुंकवाएवढा काळा ठिपका काढला. छर्रा न भरता नुसता नेम धरायचा, श्वास सोडायचा, चाप ओढायचा. चंदूचा श्वास आतून ऐकू यायचा. त्याच्या दोन श्वासांच्या मधे चाप ओढायची मला सवय लागली. खरे छर्रे उडवायला आठवड्यातून एकदा, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या रायफल क्लबात. क्लब म्हणजे पत्र्याची एक लांब शेड, एक ऑफिसची खोली आणि एक बाक.

त्या वर्षी पुण्याला राज्य स्पर्धा होत्या. आमच्या क्लबातून एका बाईचं नाव पाठवता येणार होतं, पण आधी क्लबाच्या चाचणीत दोनशेपैकी एकशे पासष्ट हवे. चाचणी दसऱ्याला सकाळी आणि नावांची यादी त्याच दुपारी रवाना. उशीर झाला की पुढचं वर्ष. पुढच्या वर्षी चंदू चालू लागलेला असणार, आणि मग पाऊण तास तरी कुठला मिळायला? मला जायचं होतं. स्कूटर सोडली म्हणून नव्हे, किंवा थोडं तेही होतं. पण मुख्य म्हणजे, मला अजून येतं का, हे मला बघायचं होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्या क्लबात शस्त्रांची पूजा असते. संध्याकाळी सगळे आपापल्या बंदुका आणतात. वर्षभरात ज्यानं नवीन घेतली असेल त्यानं ती सर्वांसमोर उघडायची. प्रत्येकानं ती एकदा खांद्याला लावायची आणि काहीतरी चांगलं बोलायचं. नव्या सुनेचं तोंड बघतात ना, तसंच. मग पूजा. आणि एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत शस्त्राला कोणी हात लावायचा नाही. शस्त्रं विश्रांती घेतात.

त्या वर्षी चार नव्या आल्या होत्या.

पहिली प्रधानांची. श्यामसुंदर प्रधान बँकेत मोठे अधिकारी. फोर्टातल्या दुकानातून त्यांनी बारा बोअरची दुनळी घेतली होती. केस इतकी झकास की आत व्हायोलिन असेल असं वाटावं.

"लायसन्सला दीड वर्ष लागलं," प्रधान म्हणाले. "इन्स्पेक्टर विचारतो, बंदूक कशाला हवी? म्हटलं, स्वसंरक्षणाला. तो म्हणतो, कोणापासून? आता मी विचारात पडलो. बँकेत माझं कोणाशी वाकडं नाही."

"मग काय सांगितलंत?"

"म्हटलं, साहेब, आधी द्या तर खरी. मग शत्रू शोधतो."

दुसरी लवू सावंतांची. लवूभाऊ कांदिवलीला टेम्पो चालवतात, पण जीव कणकवलीजवळच्या गावात. शेतीच्या रक्षणासाठी घरी आजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक होती. तिच्याजागी त्यांनी एकनळी घेतली होती. "ठासणीचा बार काढायचा म्हणजे," ते म्हणाले, "दारू भरा, गज मारा, तोवर माकड समोर बसून नारळ खाऊन हात पुसून जायचं. आता नुसती बंदूक दाखवली की पळतात. लायसन्स वाचता येतं त्यांना."

तिसरं डॉक्टर रेग्यांचं छर्ऱ्याचं पिस्तूल. शरच्चंद्र रेगे घाटकोपरचे दातांचे डॉक्टर. मेव्हण्याने परदेशातून आणलेलं ते पिस्तूल सहार विमानतळावर तीन तास अडकलं होतं. "कस्टमवाल्याची दाढ दुखत होती," डॉक्टर म्हणाले. "नाहीतर अजून तिथेच असतं."

आणि चौथी माझी.

मी पेटी उघडली, रायफल बाहेर काढली आणि तेवढ्यात चंदू रडला. त्याची वेळ झाली होती. "तुम्ही बघा, मी आले," म्हणून मी त्याला घेऊन ऑफिसच्या खोलीत गेले आणि दार लोटलं. बाहेरून आवाज येत होते. "वा वहिनी!" "काय दस्ता आहे, अक्रोडाचा!" "अरे, हिला नळीच्या टोकाच्या माशीवर नेम धरायला नको, ह्या भोकातून बघायचं!" मी आत बसून हसत होते. एखाद्या आईच्या मुलाचं कौतुक चाललंय आणि ती पडद्याआडून ऐकतेय, तसं काहीसं. पाजून झाल्यावर मी चंदूला ह्यांच्याकडे दिलं आणि फळं चिरायला बसले. पूजा झाली. झेंडूच्या माळेखाली माझी रायफल प्रधानांच्या दुनळीशेजारी निजली.

सकाळी नऊला चाचणी. घेणारे राजाराम कदम, आम्ही सगळे त्यांना कदमकाका म्हणतो. पलटणीत तीस वर्षं बंदुका दुरुस्त केलेला माणूस, मिशी ताठ आणि बोलणं त्याहून ताठ.

"पाच छर्रे चाचपणीचे," ते म्हणाले. "ते मोजणार नाही. पाचच, सहावा नाही. मग चार कार्डं, प्रत्येकी पाच. सगळं मिळून पाऊण तास. घड्याळ सुरू."

सासूबाई चंदूला मांडीवर घेऊन बाकावर बसल्या होत्या. शेजारी हे. पलीकडे आमचे तिघे खरेदीदार, हातात आपापल्या बंदुका, सणाचे कपडे. मी पदर खोचला, पाय रोवले, डोळा भोकाला लावला, श्वास सोडला.

टण्ण.

कदमकाकांनी दुर्बिणीतून पाहिलं. "कार्ड कोरं आहे."

माझं काहीतरी चुकलं असेल. पुन्हा. टण्ण. मागच्या पत्र्यावर छर्रा आपटल्याचा आवाज, आणि कार्ड कोरं. पुन्हा. टण्ण.

"कोरं," कदमकाका म्हणाले, आणि या वेळी त्यांनी दुर्बीण पुसली.

 मला वाटलं, संपलं. हात गेला. रात्री दोनदा उठणारी, कडेवर पोर घेऊन भाकऱ्या थापणारी बाई मी. मला कोणी सांगितलं होतं की अजून येतं म्हणून? गॅलरीतल्या भिंतीवर छर्रा नव्हताच. कुंकवाएवढा ठिपका मी रोज टिपला तो मनातल्या मनात. ह्यांची स्कूटर आता चुलतभाऊ चालवत असेल.

रायफल खाली घेतली तेव्हा माझी नजर साइटवर गेली. डोळ्यापाशी दोन छोटी चाकं असतात. एक नेम वर-खाली सरकवायचं, दुसरं डावी-उजवीकडे. फिरवलं की टिक टिक वाजतं. शुभानं ती माझ्या डोळ्याला बसवून दिली होती आणि गेल्या महिन्याभरात मी त्यांना बोट लावलं नव्हतं. आता दोन्ही चाकं निम्मी बाहेर आली होती.

मी वळले. "माझ्या रायफलीची साइट कोणी फिरवली?"

 दुसऱ्याच्या बंदुकीची साइट फिरवणं म्हणजे आमच्यात दुसऱ्याच्या ताटातलं खाण्यापेक्षा वाईट. प्रधान पत्र्याकडे बघू लागले. डॉक्टरांनी पिस्तुलावरची धूळ फुंकली, जी नव्हती. लवूभाऊंनी खोकून घेतलं.

"मी बगलंय," सासूबाई बाकावरून म्हणाल्या. "ह्या सगळ्यांनी फिरवल्यानी. एकेकान. घड्याळाक चावी दितत तशी. माका वाटला, तशीच रीत आसा."

"आई!" मी ओरडले. "मला सांगितलं का नाहीत?"

"तू खय इचारलंस?"

डॉक्टर रेगे आधी शरण आले. "सॉरी वहिनी. मी वरचं चाक. मला खाली दिसत होतं जरा. सहा टिक. वर."

"प्रधान?"

"नवा चष्मा आहे हो माझा," प्रधान केविलवाणे म्हणाले. "दोन भागांचा. खालच्या काचेतून बघितलं की सगळंच... आठ. वर."

"सहा आणि आठ, चौदा वर." मी टेबलावरच्या एका जादा कार्डाच्या पाठीवर पेन्सिलीने लिहीत होते. "लवूभाऊ?"

"मी बाजूचं. चार. डावीकडे." लवूभाऊ माझ्याकडे न बघता म्हणाले. "वाटलं, वहिनीचं काम करून ठेवावं. वाट लागली ना?"

"लागलीच आहे. अजून कोण?"

 कदमकाकांनी घड्याळाकडे पाहिलं, मिशीवरून हात फिरवला आणि पत्र्याकडे तोंड करून म्हणाले, "एक."

"काय?"

"एक टिक. खाली. एकच. तीस वर्षांची खोड आहे पोरी, बोट आपोआप जातं. घड्याळ चालू आहे, बडबड नको."

प्रधान फिसकन हसले.

चौदा वर, एक खाली. म्हणजे मी वरचं चाक तेरा टिक खाली आणलं, बाजूचं चार उजवीकडे. चौथा छर्रा भरला. श्वास. चाप.

टण्ण नाही. कार्डाचा कागद फाटल्याचा तो कोरडा, सुंदर आवाज.

"उंची अगदी बरोबर," कदमकाका दुर्बिणीतून म्हणाले. "पण डावीकडे आहे. फार डावीकडे. कार्डाच्या काठाला चिकटून."

म्हणजे अजून कोणीतरी होतं. आणि त्यानं चार-सहा टिकांवर भागवलं नव्हतं.

मी पुन्हा वळले. या वेळी तिघांनीही हात वर केले, आम्ही नव्हे. मग माझ्या लक्षात आलं की हे बाकावरून उठून उभे राहिलेत. टर्नरचं मोठं, काळवंडलेलं बोट त्यांनी शर्टाला पुसलं.

"तू फळं चिरत होतीस," ते म्हणाले. "चंदू रडायला लागला. म्हटलं, पूजेत रडेल. काही सुचेना. रायफल समोर होती. चाक फिरवलं तर टिक वाजलं, आणि तो हसला. मग परत फिरवलं. परत हसला."

"किती वेळा?"

"मोजलं नाही गं."

"अहो, कारखान्यात सुताएवढं चुकलं तर तुम्ही झोपत नाही!"

"तिथे तो नसतो ना हसायला," हे म्हणाले.

मला रागवायचं होतं. अगदी मनापासून रागवायचं होतं. पण कार्डावर आता भोक होतं, आणि भोक दिसलं की किती सरकायचं ते शुभानं माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं. मी हिशोब केला. तेवीस. चाकाला बोट लावलं आणि उजवीकडे फिरवायला लागले. एक, दोन, तीन. प्रत्येक टिकेला काल संध्याकाळी माझं लेकरू एकदा हसलं होतं, आणि मी पलीकडे पपई चिरत बसले होते. सात, आठ. दोन दात दाखवून हसतो, मान मागे टाकून. पंधरा. सोळा. बाकावरून चंदूला तो आवाज ओळखीचा वाटला, आणि शेडच्या त्या टोकापर्यंत ऐकू जाईल असा तो खिदळला. तेवीस होईपर्यंत माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही.

पाचवा छर्रा मधल्या काळ्या वर्तुळात. "नऊ," कदमकाका म्हणाले. "चल. आता मोजतोय. पंधरा मिनिटं गेली आहेत."

पहिलं कार्ड बरं गेलं. दुसरंही. तिसऱ्याला मागे कुरकुर सुरू झाली. हसून झालं होतं, आता भूक. सासूबाईंनी खुळखुळा वाजवला. ह्यांनी त्याला घेऊन शेडबाहेर फेऱ्या मारल्या. पण बाळ कितीही लांब नेलं तरी आईच्या अंगाला ऐकू येतंच. माझा पान्हा फुटला, ब्लाउज ओला झाला, नेम थरथरला. तिसऱ्या कार्डाचा शेवटचा छर्रा काळ्याच्या बाहेर गेला.

"गो, तो माज्याकडे रवना नाय!" सासूबाईंनी हाक मारली.

मी रायफल उघडून टेबलावर ठेवली.

"किती वेळ आहे, काका?"

"चौदा मिनिटं. पाच छर्रे." कदमकाका माझ्याकडे बघून हळू म्हणाले, "घड्याळ थांबवता येणार नाही, पोरी. आधी छर्रे मारून घे. दोन मिनिटं रडला तर काही होत नाही."

"रडला तर माझं होतं," मी म्हणाले, आणि त्याला घेतलं.

ऑफिसच्या खोलीत खुर्चीवर बसले. दाराचा खिट्टा नीट लागत नाही, म्हणून ते चौघे दाराकडे पाठ करून ओळीत उभे राहिले. दुनळी, एकनळी, पिस्तूल आणि दुर्बीण. एखाद्या राणीच्या तंबूला एवढा पहारा नसेल. बाहेर प्रधान दर मिनिटाला वेळ सांगत होते. "बारा." "अकरा, वहिनी." डॉक्टर म्हणाले, "प्रधान, गप्प बसा, मुलाला उचकी लागेल."

चंदूनं घाई केली नाही. एका हातानं माझं मंगळसूत्र धरून, डोळे अर्धे मिटून, अगदी निवांत. पहिला मिनिटभर माझी छाती धडधडत होती. मग तिचीही घाई संपली. मला रोजची अडीचची वेळ आठवली. घरी मी नेम धरत आले होते तो रोज याच्यानंतर. पाजून झाल्यावर, अंग हलकं झाल्यावर, हा झोपल्यावर. त्याला पाजायच्या आधी घरी मी कधी रायफल हातात घेतलीच नव्हती. मी त्या माणसांना हे सांगितलं नाही. सांगून त्यांना कळलं नसतं.

"पाच," प्रधान म्हणाले, आणि त्यांचा आवाज चिरकला.

मी झोपलेला चंदू सासूबाईंच्या मांडीवर दिला आणि जागेवर गेले. छर्रा भरला. खांद्याला दस्ता लागला तो उशीसारखा. मागून बाळाचा श्वास येत होता, दूध पिऊन झोपलेल्या मुलाचा, थोडी शिट्टी वाजणारा. त्याच्या दोन श्वासांच्या मधे मी चाप ओढला. मग दुसरा. घाई करायला जागाच नव्हती. प्रत्येक छर्रा मी त्याच्या श्वासाच्या लयीत मारत होते. पाचवा उडाला तेव्हा प्रधानांनी "चाळीस सेकंद!" म्हणून कोणाचा तरी खांदा आवळला. तो डॉक्टरांचा निघाला.

कदमकाका स्वतः चालत जाऊन चारही कार्डं घेऊन आले. बाकावर मांडली. पहिलं त्रेचाळीस. दुसरं बेचाळीस. तिसरं छत्तीस. आम्ही सगळे वाकून बघत होतो. चौथ्या कार्डावर पाच भोकं शोधायला त्यांना चष्मा लावावा लागला, कारण तीन एकमेकांत मिसळली होती.

"अठ्ठेचाळीस," ते म्हणाले. मग मनातल्या मनात बेरीज केली, पुन्हा केली, आणि मिशीखाली काहीतरी हललं. "एकशे एकोणसत्तर. जातेस तू पुण्याला."

लवूभाऊंनी शिट्टी मारायला तोंडात बोटं घातली. सासूबाईंनी नुसते डोळे वटारले, आणि त्यांनी बोटं काढून घेतली. मग सगळ्यांनी आवाज न करता टाळ्या वाजवल्या; बंदुका काखेत धरून, तळहात हवेत हलवत. ह्यांनी माझ्या हातातून रायफल घेतली आणि ती दोन्ही हातांवर, चाकांना बोट न लावता, चंदूला घेतात तशी धरून उभे राहिले.

कदमकाकांनी फॉर्म काढला. "नाव, सौ. वसुधा सहदेव परब. सोबत कोण?"

"चंदूक घेवन मी," सासूबाई म्हणाल्या. "चार दिवस पुण्याचा पाणी तरी बगूया."

"मीही रजा टाकतो," हे म्हणाले.

"सामान उचलायला माणूस लागेल," लवूभाऊ म्हणाले. "टेम्पो आहेच माझा."

"स्पर्धेत डॉक्टर असलेला बरा," रेगे म्हणाले.

प्रधान दुनळी पुसत विचार करत होते. दातांचा डॉक्टर नाही, टेम्पो नाही, नातंही नाही. शेवटी म्हणाले, "वेळ सांगायला कोणीतरी हवंच की हो."

कदमकाकांनी एकेक नाव लिहिलं. रकान्यात जागा संपली, तेव्हा फॉर्म उलटा केला आणि मागच्या बाजूला, अगदी बारीक अक्षरात, आपलंही लिहिलं.